तिपाईची मान का अडखळते?

सातपुड्यातल्या काठी गावची राजवाडी होळी वर्षातून एकदाच येते. अक्कलकुवा तालुक्यातल्या या गावात डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरू बांधलेले लोक रात्रभर नाचतात आणि पहाटे उंच बांबूची होळी पेटते. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. भिली, पावरी, मावची बोलणाऱ्या वृद्धांच्या तोंडच्या कथाही आज नाही टिपल्या तर उद्या मिळतीलच असं नाही. 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात चित्रणासारखं खूप काही आहे. व्हिडिओ कॅमेरा किंवा मोबाईल तिपाईवर लावून हे काम शाळाही करू शकतात.

पण धावणाऱ्या घोड्याबरोबर कॅमेरा वळवायला जावं, तर तिपाईची मान आधी हलतच नाही आणि मग एकदम झटक्यानं पुढे जाते. चित्रात घोडा चौकटीबाहेर. घोड्याला काही परत पळायला सांगता येत नाही. हा दोष नेमका कशाचा आणि तो शाळेतच दुरुस्त करता येईल का, ते आपण पाहू.

रबर आणि वीट

एक सोपा प्रयोग करू. टेबलावर वीट ठेवा, तिला दोरा बांधा आणि दोऱ्याच्या टोकाला रबर लावून ते हळूहळू ओढा. रबर ताणत जातं, वीट जागची हलत नाही. मग अचानक ती पुढे सरकते, रबर सैल पडतं आणि वीट पुन्हा थांबते. ओढत राहिलात तर हेच चक्र चालू राहतं.

असं का होतं? थांबलेली वस्तू हलवायला लागणारं बल हे चालती वस्तू चालू ठेवायला लागणाऱ्या बलापेक्षा जास्त असतं. पहिल्याला आपण स्थितिक घर्षण म्हणतो, दुसऱ्याला गतिक घर्षण. वस्तू सुटली की घर्षण एकदम कमी होतं, पण रबरातला ताण मात्र मोठ्या बलाएवढा असतो. या फरकामुळे वीट गरजेपेक्षा जास्त पुढे जाते. वस्तू जितका जास्त वेळ थांबून राहील तितकं तिचं स्थितिक घर्षण वाढतं, हे फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोम यानं अठराव्या शतकाच्या अखेरीस नोंदवलं होतं. कुरकुरणारं दार, फळ्यावर किंचाळणारा खडू आणि व्हायोलिनची तार ही सगळी याच 'धर-सोड' गतीची उदाहरणं आहेत. ब्रेस आणि बायरली यांनी 1966 साली असं सुचवलं, की भूकंपात खडकांच्या भेगाही अशाच अडकतात आणि सुटतात.

तिपाईच्या बाबतीत रबराचं काम आपला हात करतो. स्नायू थोडे ताणतात, मान सुटते आणि हात ती पुढे ढकलून देतो. जवळचं दृश्य टिपणाऱ्या भिंगातून हा धक्का अधिक मोठा दिसतो. भिंगाचा दृश्यकोन 60 अंश असेल तर 1 अंशाच्या धक्क्यानं चित्र रुंदीच्या साठाव्या भागाएवढंच सरकतं. दृश्यकोन 5 अंश असेल तर तेच चित्र रुंदीच्या पाचव्या भागानं उडी मारतं.

दाट द्रवाची युक्ती

आता दोन काचपट्ट्यांमध्ये मधाचा थर द्या आणि वरची पट्टी सरकवा. अगदी हलक्या बोटानंही ती हलू लागते, फक्त सावकाश. वेग वाढवायला गेलात की विरोध वाढतो. द्रवाचा विरोध वेगाच्या प्रमाणात असतो आणि वेग शून्य असताना तोही शून्य असतो. त्यामुळे सुरुवातीची अडवणूक नाही आणि सुटल्यावरची उडीही नाही. हात थरथरला तर तेवढ्या क्षणापुरता विरोध वाढतो आणि थरथर चित्रात उतरत नाही.

चांगल्या व्हिडिओ तिपाईच्या मानेत हेच केलेलं असतं. एकमेकींत बसणाऱ्या चकत्या किंवा नळकांडी यांच्यामध्ये बारीक फट असते आणि तीत अतिशय दाट द्रव किंवा ग्रीस भरलेलं असतं. ऑस्ट्रेलियातल्या मिलर यांनी 1940 च्या दशकात अशी मान तयार केली. त्याच सुमारास अमेरिकेत चॅडवेल ओ'कॉनर यांनीही स्वतंत्रपणे अशी मान बनवली. ओ'कॉनर यांना वाफेच्या आगगाड्यांचं चित्रण करण्याचा छंद होता आणि धावत्या गाडीबरोबर कॅमेरा सफाईनं फिरवायचा होता. सारंगखेड्याच्या घोड्यापुढे आपली जी अडचण, तीच त्यांची होती. पुढे या रचनेसाठी त्यांना ऑस्कर पुरस्कारांमधला तांत्रिक पुरस्कार मिळाला.

स्वस्त तिपायांमध्ये मात्र खरा द्रव नसतो. प्लास्टिकच्या चकत्यांवर ग्रीसचा हात फिरवलेला असतो, इतकंच.

ग्रीस म्हातारं होतं

ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबणासारखा घट्ट पदार्थ. स्पंजात पाणी असावं तसं हे तेल त्यात असतं. मे महिन्यात नंदुरबार-शहादा पट्ट्यात पारा 40 अंशांच्या वर जातो आणि बंद गाडीत ठेवलेली तिपाई त्याहूनही तापते. तेल हळूहळू झिरपतं, त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि मागे मेणासारखा चिकट थर उरतो. यात्रेतली धूळ त्यात मिसळते. हा थर द्रवासारखा वाहत नाही. ठराविक बल लागेपर्यंत तो अडून राहतो, म्हणजे आपण पुन्हा विटेपाशी येतो.

थंडीचा परिणाम वेगळा असतो. एरंडेल तेलाची श्यानता 40 अंश सेल्सिअसला सुमारे 0.23 पास्कल-सेकंद असते, 20 अंशांना जवळजवळ 1 आणि 10 अंशांना सुमारे 2.4. तीस अंशांच्या फरकात दहापट वाढ! हिवाळ्यात डाब, तोरणमाळच्या माथ्यावर तिपाई जड वाटली तर ती बिघडली असेलच असं नाही. सिलिकोन तेलाची श्यानता तापमानानुसार बरीच कमी बदलते, म्हणून चांगल्या मानांमध्ये ते पसंत करतात.

आधी निदान

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी प्रयोगशाळेतला ताणकाटा आणा. कॅमेरा काढा, सगळे लॉक पूर्ण सैल करा आणि विरोध कमी-जास्त करणारी कडी असेल तर ती सर्वांत हलक्या खुणेवर ठेवा. ताणकाटा दांड्याच्या टोकाला अडकवा. आडवी फिरण्याची गती आधी तपासा आणि वरखाली झुकण्याची नंतर. दोन आकडे लिहा : मान सुटताना लागलेलं बल आणि सावकाश फिरताना लागणारं बल. मग वेग वाढवून पुन्हा पाहा.

सुटतानाचा आकडा फिरतानाच्या आकड्याहून बराच जास्त असेल तर ग्रीस वाळलं आहे किंवा धूळ शिरली आहे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, मोठे आणि वेगानं न बदलणारे असतील तर लॉक कुठेतरी घासतो आहे किंवा नट जास्त आवळला आहे. बल वेगाबरोबर वाढत असेल तर द्रव नीट आहे, फक्त दाट झाला आहे. तिपाई अर्धा तास कोवळ्या उन्हात ठेवून पुन्हा मोजा. एकाच कोनात अडत असेल तर तिथे खडा आहे किंवा भाग वाकला आहे.

मान नुसती मोकळी फिरते, पण कॅमेरा लावल्यावर एकाच बाजूला झुकायला जड जाते, असंही होतं. हा घर्षणाचा दोष नाही. कॅमेऱ्याचा गुरुत्वमध्य अक्षाच्या पुढे किंवा मागे गेला आहे. कॅमेऱ्याखालची पट्टी सरकवली की काम होतं.

मग दुरुस्ती

पहिला मोह असतो शिलाई मशीनचं तेल सोडण्याचा. तो टाळावा. पातळ तेलानं मान क्षणभर हलकी होते, पण उरलंसुरलं दाट ग्रीस पातळ होऊन फटीतून निघून जातं आणि पृष्ठभाग एकमेकांना टेकतात. तेल लॉकच्या घर्षणपट्टीवर गेलं तर कॅमेरा आपोआप खाली झुकतो. गंज सोडवणाऱ्या फवाऱ्यांचंही तेच.

बंद डबीतला द्रव असलेली महागडी मान शाळेत उघडू नये. कॅमेरा तोलणारी स्प्रिंग आत असेल तर तीही सोडू नये. ती ताणलेली असते आणि डोळ्याला इजा करू शकते. साधी मान मात्र उघडता येते. प्रत्येक पायरीचा मोबाईलवर फोटो घ्या आणि चकत्या, वॉशर निघतील त्याच क्रमानं थाळीत मांडा. जुनं ग्रीस आधी कोरड्या सुती कापडानं पुसा. धातूच्या भागावर उरलेल्यासाठी थोडं रॉकेल चालेल, पण ते ज्योतीपासून दूर, मोकळ्या हवेत वापरा. प्लास्टिक आणि रबर साबणाच्या पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवा. नंतर डॅम्पिंग ग्रीस या नावानं मिळणाऱ्या दाट ग्रीसचा पातळ, सारखा थर द्या. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर मान फिरेल, पण हवा तो विरोध मिळणार नाही. लॉकच्या पट्टीला ग्रीस लागू देऊ नका. जोडणी झाली की मान दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस वेळा फिरवा, म्हणजे थर सारखा पसरेल.

शेवटी ताणकाटा पुन्हा लावा. दोन आकड्यांमधलं अंतर कमी झालं असेल तर दुरुस्ती जमली. आठवी-नववीच्या मुलांकडून दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे आकडे आलेखावर काढून घ्या. घर्षणाच्या धड्यातली दोन बलं त्यांना त्यात वेगवेगळी दिसतील, आणि काठीच्या होळीला जाताना तिपाईही तयार असेल.