मिसळण्याची दहा मिनिटे

आपल्याकडे कीटकनाशकाला औषध म्हणतात. ‘आज कपाशीवर औषध मारायचंय’ हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की त्यातल्या शब्दाकडे कुणाचे लक्षही जात नाही. जर्मन कायद्यातला शब्दही तितकाच सौम्य आहे. त्याचा अर्थ होतो पिकांच्या रक्षणाचे साधन. पण नाव सौम्य असले तरी तो कायदा मऊ नाही. २६ नोव्हेंबर २०१५ पासून तिथे व्यावसायिक वापराचे कीटकनाशक विकत घ्यायला आणि फवारायला वाहन परवान्याएवढे एक प्लॅस्टिकचे ज्ञानपत्र लागते. विकणाऱ्यालाही ते लागते, आणि दर ३ वर्षांनी उजळणीचा वर्ग करावा लागतो. ट्रॅक्टरच्या फवारणी यंत्रालाही ठरावीक मुदतीने तपासून घेऊन चिकटपट्टी लावावी लागते. या सगळ्या व्यवस्थेचे लक्ष कुठे आहे हे पाहिले, तर आपल्याकडचे बरेचसे गैरसमज एकाच ठिकाणी येऊन थांबतात. आपण विष नाकात शोधतो, पण ते बहुतेक वेळा कातडीतून शिरते. आपण फवारणीला घाबरतो, पण डबा उघडून पाण्यात मिसळण्याच्या दहा मिनिटांना भीत नाही.

या दहा मिनिटांचा हिशेब कागदावर करून पाहण्यासारखा आहे. समजा डब्यावर ४० टक्के असे लिहिले आहे आणि मात्रा एका लिटर पाण्याला २ मिलिलिटर आहे. म्हणजे पंपातल्या द्रावणात मूळ विष उरते ०.०८ टक्के. डब्यातला द्रव पंपातल्या द्रावणापेक्षा ५०० पट तीव्र असतो. टोपणाने माप घेताना बाटलीच्या आट्यांवरून एक ओघळ बोटांवर आला आणि तो मिलिलिटरभर असला, तर अर्धा लिटर फवारा त्या हातावर ओतल्यासारखे होते. काठी सापडली नाही म्हणून कोपरापर्यंत हात घालून बादली ढवळणाऱ्याला द्रावण पातळ झाल्याचा दिलासा वाटतो, पण त्याच्या बोटांवर आधीच लागलेला तो मिलिलिटर काही पातळ झालेला नसतो. जर्मनीत बव्हंशी फवारणी बंद काचेच्या केबिनमध्ये बसून होते. तरीही डबा हाताळताना रसायन आत झिरपू न देणारे हातमोजे, एप्रन आणि डोळ्यांवर झाकण हवे, असे लेबले बजावतात. मोठ्या यंत्रांना औषध ओतायचे भांडे कमरेच्या उंचीवर असते, म्हणजे डबा डोक्यावर उचलावा लागत नाही, आणि हात धुण्यासाठी किमान १५ लिटर स्वच्छ पाण्याची वेगळी टाकी असते. गेल्या काही वर्षांत तर डब्याचे तोंड थेट यंत्राला जोडून एक थेंबही बाहेर न येता माप घेण्याची बंद जोडणी तिथे येऊ लागली आहे.

‘वास आला नाही, म्हणजे काही झाले नाही’ हा यातला सर्वांत पक्का समज. वास बऱ्याचदा द्रावकाचा असतो, विषाचा असतोच असे नाही, आणि वास न येणारी भुकटीही घातक असू शकते. या रसायनांच्या एका मोठ्या कुळाचा, ऑर्गॅनोफॉस्फेटचा, इतिहास जर्मनीतच घडला. लेव्हरकुझेनच्या प्रयोगशाळेत गेरहार्ड श्राडर किडींवरचे औषध शोधत होते. डिसेंबर १९३६ मध्ये त्यांना टाबुन सापडले, आणि पुढल्याच महिन्यात त्याचा सांडलेला जरासा अंश त्यांना व त्यांच्या सहकाऱ्याला भोवला. बाहुल्या बारीक झाल्या, श्वास अडकू लागला. टाबुन पुढे युद्धातला विषारी वायू म्हणून साठवले गेले. ते तसे उडून हवेत जाणारे होते. त्याच श्राडरांनी पुढे पॅराथिऑन काढले. ते जर्मनीत ई ६०५ या नावाने विकले गेले. शेतातली या कुळातली बहुतेक औषधे टाबुनच्या मानाने फारच कमी उडतात. म्हणून त्यांची वाट नाकापेक्षा कातडीची असते.

ती वाट शरीरावर सगळीकडे सारखी रुंद नाही. १९७१ मध्ये हॉवर्ड मायबाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत स्वयंसेवकांच्या अंगावर पॅराथिऑनचा अल्प अंश लावून किती आत जाते ते मोजले. हाताच्या कोपराखालच्या भागातून सुमारे ९ टक्के गेले, तळहातातून सुमारे १२, कपाळातून सुमारे ३६, आणि वृषणाच्या त्वचेतून जवळजवळ सगळे. हे आकडे वाचल्यावर शेतातली रोजची दोन दृश्ये वेगळी दिसतात. माप घेतलेल्या हातानेच कपाळावरचा घाम पुसला जातो. पाठीवरच्या पंपाचे झाकण सैल असते, द्रावण कमरेवरून खाली झिरपते आणि ओली चड्डी तशीच दिवसभर अंगावर राहते. तोंडाला बांधलेला रुमाल यातले काहीच अडवत नाही. उलट फवारा शोषून तो ओला कपडा ओठांशी धरून ठेवतो. चामड्याच्या आणि सुती हातमोज्यांचीही तीच गत. ते रसायन पितात आणि हातावर दाबून ठेवतात. नायट्रिलचे मोजे चालतात, तेही हातातून काढण्याआधी बाहेरून साबणपाण्याने धुतले तर. नाहीतर काढताना बोटे बरबटतात आणि पुढच्या वेळी तोच मोजा आतून विषारी असतो.

यावर पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. जर्मन शेतकऱ्याकडे केबिन आहे, थंड हवा आहे. विदर्भातल्या सप्टेंबरच्या उकाड्यात पूर्ण पोशाख घालून पंप वाहायचा कसा? नाही वाहता येत, आणि तसा सल्ला देणाऱ्याने आधी स्वतः तासभर तो घालून पाहावा. पण मिसळण्याच्या कामाला तासभर लागत नाही. सावलीत, वाऱ्याकडे पाठ करून, मोजे आणि प्लॅस्टिकचा एप्रन घालून दहा मिनिटे उभे राहणे भर उन्हाळ्यातही जमते, आणि सर्वांत तीव्र द्रव त्याच दहा मिनिटांत हाताळला जातो. आक्षेपातला उरलेला भाग मात्र तसाच राहतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले, तेव्हा कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा खांद्याच्या वर मारावा लागत होता. तिथे हातमोजे पुरे पडत नाहीत. जर्मनीत वारा सेकंदाला ५ मीटरच्या वर किंवा तापमान २५ अंशांच्या वर टिकून असेल तर फवारू नये असा दंडक आहे. आपल्याकडे २५ अंशांची अट पाळली तर हंगामच हातचा जाईल, पण वाऱ्याची अट सकाळी लवकर पाळता येते. आणि माणसाच्या उंचीच्या पिकात शिरून फवारणी करायला मजुराला ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. हे नुसत्या सावधगिरीचे काम नाही. मजुरी आणि करार यांचे आहे.

दुसरा आक्षेप अनुभवाचा असतो. ‘वीस वर्षे फवारतोय, काही झाले नाही.’ मार्च २०२४ मध्ये जर्मनीच्या श्रम मंत्रालयाच्या वैद्यकीय तज्ज्ञ मंडळाने, कीटकनाशकांमुळे होणारा पार्किन्सन हा व्यवसायजन्य आजार मानावा, अशी शिफारस केली. फ्रान्सने तो २०१२ मध्येच मानला होता. जर्मन निकषात तणनाशक, बुरशीनाशक किंवा कीटकनाशक यांपैकी एका गटाचा स्वतःच्या हाताने केलेला किमान १०० दिवसांचा वापर धरला आहे. १०० दिवस फवारले की पार्किन्सन होतोच, असा याचा अर्थ नाही. पण मजुरीवर फवारणी करणारा माणूस हंगामात ३० दिवस पंप उचलत असेल, तर चार हंगामांत तो त्या आकड्यापलीकडे जातो. शिवाय हाताचा कंप सुरू होईपर्यंत मधली वर्षे ठणठणीतच जातात. वीस वर्षांचा अनुभव त्या दिवशी चक्कर आली नाही एवढेच सांगतो.

दोन-तीन औषधे एकाच पंपात घातली की वेळ वाचतो आणि किडीवर चांगला मारा बसतो, हा समजही याच मालिकेतला. काही ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे, पायरेथ्रॉइड या दुसऱ्या कुळातली औषधे फोडणाऱ्या शरीरातल्या विकरांनाच बंद पाडतात. ही जोडी किडीवर भारी पडते ती याच कारणाने, आणि तसली विकरे फवारणाऱ्याच्या अंगातही असतात. म्हणून लेबलावर नसलेली मिसळ करूच नये. विषबाधा झाल्यावर तर ती मिसळ आणखी महागात पडते. दूध, तूप किंवा मीठपाणी पाजून उलटी काढण्याची घरगुती रीत सोडून द्यावी. जर्मनीतील विषमाहिती केंद्रेही दूध पाजू नका आणि उलटी करवू नका असेच सांगतात. कपडे उतरवावेत, अंग साबणाने धुवावे आणि डबा घेऊन रुग्णालय गाठावे. ऑर्गॅनोफॉस्फेटवर अॅट्रोपिन हा नेमका उतारा आहे. यवतमाळमध्ये वापरात असलेल्या डायफेन्थियुरॉनवर तसा उतारा नाही. तिथे लक्षणांवर उपचार करत रोग्याला सांभाळावे लागते. पंपात चार बाटल्या रिकाम्या झाल्या असतील आणि त्या बांधावर फेकून दिल्या असतील, तर पहिल्या तासात डॉक्टरला यातले कोणते विष समोर आहे ते कळत नाही.

डबा जपून ठेवायचा तो तेवढ्यापुरताच. एरवी तो रिकामा झाला की लगेच तीनदा खळखळून धुवायचा आणि ते धुवण पंपातच ओतायचे. लिटरच्या डब्यात १० मिलिलिटर उरले असेल, तर प्रत्येक वेळी पाव लिटर पाण्याने धुतल्यावर तिसऱ्यांदा मिलिलिटरचा हजारावा भागही उरत नाही, आणि विकत घेतलेले औषधही वाया जात नाही. जर्मनीत असे धुतलेले, वाळवलेले, झाकण काढलेले डबे ‘पामिरा’ या व्यवस्थेच्या संकलन केंद्रांवर फुकट परत घेतात. आत ओल दिसली तर डबा नाकारतात. आपल्याकडे तो डबा धुऊन पाण्याला वापरतात. त्या प्लॅस्टिकने विष स्वतःत मुरवून घेतलेले असते आणि ते कितीही धुतले तरी पाण्यात उतरत राहते. म्हणून रिकाम्या डब्याला तळाशी खिळा मारून भोक पाडावे, म्हणजे त्यात पुन्हा काही भरता येणार नाही.