नैराश्याचे मोजमाप : नऊ प्रश्नांची पारख

ताप आला की आपण थर्मामीटर लावून आकडा वाचतो. मन खचले तर ते किती खचले, हे कशाने मोजायचे? सभासद बंधू-भगिनी व विद्यार्थी मित्रांसाठी याची थोडक्यात माहिती येथे देत आहोत.

मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली नैराश्याची तीव्रता मोजणारी श्रेणी प्रसिद्ध केली. परंतु तीसाठी जाणकाराने रुग्णाची सविस्तर मुलाखत घ्यावी लागते. आरोग्य केंद्राच्या रांगेत तेवढा वेळ कोठून आणणार? म्हणून २००१ साली प्रसिद्ध झालेली ‘पीएचक्यू-९’ ही छोटी प्रश्नावली सर्वत्र वापरात आली. गेल्या दोन आठवड्यांतील मनःस्थिती, झोप, थकवा, भूक, एकाग्रता इत्यादींविषयी तीत नऊ प्रश्न आहेत. प्रत्येकास ० ते ३ गुण, एकूण २७. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम आणि वीसपासून तीव्र नैराश्य समजतात.

पण हा आकडा खरा कशावरून? आम्ही बँकेतली माणसे संध्याकाळी रोकड वहीशी ताडून पाहतो. येथेही तसेच करावे लागते. नऊ प्रश्न एकाच दुखण्याकडे बोट दाखवतात काय? सविस्तर मुलाखतीशी गुण जुळतात काय? आणि माणूस सुधारला की गुण उतरतात काय?

अशी पारख आपल्या शेजारच्या गोव्यात झाली आहे. ‘संगाथ’ संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ रुग्णांवर प्रयोग केला. या प्रश्नावलीत १४ हून अधिक गुण असलेल्यांनाच त्यात घेतले. तीन महिन्यांनी तीव्रता मात्र दुसऱ्या, स्वतंत्र श्रेणीनेही मोजली. समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्णांचे गुण दहाच्या खाली आले; न मिळालेल्यांपैकी ३९ टक्क्यांचे. दुसरा गट नसता, तर सगळी सुधारणा समुपदेशनाच्याच खात्यावर जमा झाली असती!

आपल्या जालना जिल्ह्यात आणखी एक काळजी घ्यावी लागेल. कापूस वेचणीच्या दिवसांत थकवा कोणाला नसतो? रात्री पिकाला पाणी देणाऱ्याची झोप मोडणारच. हे गुण नैराश्याचे की कष्टाचे, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. उलट, सासू शेजारी बसली असता सून खरे उत्तर देईलच असे नाही. तेव्हा प्रश्न एकांतात व सोप्या बोलीत विचारावेत.

सर्वांत महत्त्वाचा नववा प्रश्न. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. दोघांची बेरीज आठच असेल, पण एकाने तेथे ‘हो’ म्हटले असेल, तर ते दोघे सारखे नव्हेत. बेरीज लहान म्हणून त्याला घरी पाठवू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याला डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांकही जवळ ठेवावा.

आकडा दार दाखवतो. आत माणसालाच जावे लागते.