महागडा कॅमेरा कपाटात, फोटो मात्र मोबाईलवर! असं का होतं?

हप्त्यांवर हौसेने डीएसएलआर घेतला. पहिले दोन महिने भरपूर फोटो निघाले. मग पावसाळी ट्रेकला "भिजेल" म्हणून तो घरी राहिला, पुढच्या सहलीला "कोण ओझं वाहणार" म्हणून राहिला. आता तो कपाटातच असतो. अनेकांच्या घरची ही गोष्ट. पण दोष फक्त आळसाचा आहे का?

ओझं कमी, फोटो जास्त

जर्मनीच्या लाइट्झ कंपनीतले ऑस्कर बारनाक यांना दम्याचा त्रास होता. काचेच्या प्लेट्सचा अवजड कॅमेरा घेऊन हिंडणं त्यांना झेपत नव्हतं. म्हणून त्यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा बनवला. १९२५ मध्ये तो 'लायका' नावाने बाजारात आला. पुढे आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्यासारख्या फोटोग्राफर्सनी तोच हातात घेऊन रस्त्यावरचं जगणं टिपलं. कॅमेरा सोबत असेल, तरच क्षण सापडतो.

भरवसा असला की हात चालतो

युद्धभूमीवर काम करणाऱ्या डॉन मॅककलिन यांच्या निकॉन एफ कॅमेऱ्याने कंबोडियात चक्क गोळी झेलली होती. १९८२ मध्ये आलेल्या निकॉन एफएम२ ची बॅटरी संपली, तर फक्त लाइट मीटर बंद पडायचा. शटर चालूच राहायचं. स्टीव्ह मॅककरी यांचा 'अफगाण गर्ल' हा जगप्रसिद्ध फोटो १९८४ मध्ये याच मॉडेलने काढलेला आहे. असा कॅमेरा हातात असला की "बिघडला तर?" ही धाकधूक राहत नाही आणि लक्ष समोरच्या दृश्यावर राहतं.

हाताळणीचंही तसंच. शटर स्पीडची चकती, अॅपर्चरची रिंग ठरलेल्या जागी असली की बोटांना सवय होते. प्रत्येक बदलासाठी मेन्यूत शिरावं लागलं, तर तोवर क्षण निघून जातो. असं चार वेळा झालं की माणूस कॅमेरा काढायचाच बंद होतो.

'वेदर सील्ड' म्हणजे वॉटरप्रूफ नाही

अशा कॅमेऱ्याच्या सांध्यांवर रबरी सील असतात. ते धूळ आणि पावसाचे शिंतोडे रोखतात, पण कॅमेरा पाण्यात बुडवता येत नाही. लेन्सही सील्ड नसेल, तर तिथून पाणी शिरू शकतं.

आणि गंमत बघा, पावसाच्या भीतीने बॅगेत कोंडून ठेवलेला कॅमेराही सुरक्षित नसतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत बंद बॅगेतल्या लेन्सला बुरशी लागते. त्यामुळे तो हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत ठेवावा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरावा.

म्हणून नवा कॅमेरा घेताना मेगापिक्सेल नंतर बघा. आधी दुकानात तो हातात धरा, गळ्यात अडकवून दहा मिनिटं फिरा आणि स्वतःला विचारा, "भर पावसात हा बॅगेतून बाहेर काढायचा धीर होईल का?"