सतरा ग्रॅमचा मनोरा

अमेरिकेत १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘सायन्स ऑलिम्पियाड’ या शालेय स्पर्धेत मुले लाकडी काड्यांचा पूल किंवा मनोरा बांधतात. त्याला बादली टांगून तीत वाळू ओतली जाते. अनेक वर्षे भाराची कमाल मर्यादा १५ किलो होती. पेललेल्या भाराला मनोऱ्याच्या स्वतःच्या वजनाने भागले की गुण मिळतात. पूर्ण भार पेलणारा मनोरा १५ ग्रॅमचा असेल तर १०००, २० ग्रॅमचा असेल तर फक्त ७५०! त्यामुळे पहिली काडी कापण्यापूर्वीच वजनाचा अंदाज हवा.

हिशेब शाळकरीच आहे. ३ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी काड्या एकूण १२ मीटर लागणार असतील, तर आकारमान १०८ घनसेंटिमीटर. बाल्सा लाकडाची घनता दर घनसेंटिमीटरला ०.१६ ग्रॅम धरली, की उत्तर येते सुमारे १७ ग्रॅम.

पण बाल्सा हे झाड आहे, कारखान्यातला माल नव्हे. एका फळीची घनता ०.१० असते, तर दुसरीची ०.२२. म्हणजे तोच मनोरा ११ ग्रॅमचाही होईल आणि २४ ग्रॅमचाही. शिवाय ३ मिलिमीटरची म्हणून घेतलेली काडी ३.२ भरली, तर वजन जवळपास १४ टक्क्यांनी वाढते. पुस्तकातल्या सरासरीवर विसंबण्यापेक्षा प्रत्येक काडी काट्यावर ठेवून तिच्यावर वजन लिहिणे केव्हाही शहाणपणाचे.

या वजनांचा दुसराही उपयोग असतो. दाब सोसणारी काडी बहुधा चिरडून नव्हे, तर बाक येऊन मोडते. तिथे तेवढ्याच वजनाची, पण हलक्या लाकडाची जाड काडी अधिक टिकते. ताण सोसणाऱ्या काडीला बाक येण्याची भीती नसते, ती बारीक आणि घट्ट लाकडाची चालते.

हिशेबातून हमखास निसटतो तो गोंद. साठ सांध्यांवर प्रत्येकी ०.०५ ग्रॅम गोंद वाळून उरला, तरी ३ ग्रॅम वाढले. पांढऱ्या गोंदातले पाणी उडून जाते, म्हणून वजन पूर्ण वाळल्यावरच करावे.

उरते हवा. लाकूड ओलावा शोषते. हवेची आर्द्रता ५० टक्क्यांवरून ८० वर गेली, की काही काळाने १७ ग्रॅमच्या मनोऱ्यात सुमारे एक ग्रॅम पाणी वाढते. तेवढ्याने पन्नासेक गुण जातात. त्यात ओलसर लाकूड थोडे मऊही पडते. त्यामुळे तयार मनोरा स्पर्धेपर्यंत बंद डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवलेला बरा.