विश्लेषण : दाढीला गरम पाणीच हवे का? थंड पाण्याने नेमके काय बिघडते?

वीज गेलेली, गीझर थंडगार आणि साडेनऊला मुलाखत. अशा सकाळी नळाच्या पाण्यानेच दाढी उरकावी लागते आणि मग गळ्यावर लाल पुरळ मिरवत दिवस काढावा लागतो. दोष अर्थातच थंड पाण्याच्या माथी. दुसरीकडे, ‘थंड पाणीच त्वचेला उत्तम’ असे छातीठोक सांगणारे व्हिडीओही मोबाइलवर ढिगाने सापडतात. यातले खरे काय?

थोडक्यात उत्तर असे : दाढीचा केस मऊ होतो तो पाण्याने, उष्णतेने नव्हे. उष्णता ते काम फक्त लवकर करून देते. घाईच्या सकाळी आपण केसांना नेमका तेवढा वेळच देत नाही.

केस मऊ होतो म्हणजे काय?

केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी एकमेकींशी जखडलेले असते, म्हणून कोरडी खुंटे ताठ असतात. पाणी आत शिरले की यातले बरेच बंध सुटतात. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषतो, साधारण १५ टक्क्यांनी जाड होतो आणि तो कापायला बरेच कमी बळ लागते. बळ कमी लागले की ब्लेड दाबावे लागत नाही, केस ओढला जात नाही आणि त्वचा खरवडली जात नाही. दाढीनंतरची जळजळ बहुतेक वेळा या खरवडण्याचीच असते.

यात तापमानाचा वाटा आहे तो वेगाचा. हॉलंडर आणि कॅसलमन यांनी १९३७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात दाढीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. केस मऊ करणारा मुख्य घटक पाणीच आणि पाणी जितके गरम तितके हे काम लवकर, असा त्याचा निष्कर्ष. म्हणजे गरम पाण्याला दोन-तीन मिनिटे पुरत असतील, तर थंड पाण्याला त्याहून जास्त द्यायची. त्यात रात्रभर चेहऱ्यावर साचलेले तेल पाण्याला आत जाऊ देत नाही. त्यामुळे आधी साध्या साबणाने दाढीचा भाग चोळून धुणे हे थंड पाण्याच्या बाबतीत अधिक गरजेचे ठरते.

आता ‘थंड’ म्हणजे किती, हाही प्रश्नच. मे महिन्यात दुपारी मुंबईतल्या गच्चीवरच्या टाकीचे पाणी गीझरला लाजवते. खरी अडचण डिसेंबरमध्ये नाशिकला किंवा महाबळेश्वरला.

तीन समज, जे सोडून दिलेले बरे

‘गरम पाण्याने रंध्रे उघडतात, थंडाने मिटतात’ हा पहिला. त्वचेच्या रंध्रांना उघडझाप करणारे स्नायू नसतात. थंड पाण्याने आकुंचन पावतात त्या त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या. त्यामुळे लाली आणि जळजळ कमी वाटते. थंड पाण्याचा खरा फायदा हाच, आणि तो दाढी झाल्यावर चेहरा धुतानाही मिळतो.

दुसरा समज : ब्लेड गरम पाण्यात बुडवले की धार वाढते. इथे इंजिनीअरिंगची पदवी एकदाची कामी आली. पोलाद एका अंशाला साधारण दहा लाखांत ११ भाग प्रसरण पावते. म्हणजे तापमान ४० अंशांनी वाढले, तरी ४३ मिलिमीटर लांबीचे ब्लेड सुमारे ०.०२ मिलिमीटरने लांब होईल. धारेच्या टोकाला याने काहीही फरक पडत नाही. ब्लेडवरचा साबण मात्र गरम पाण्यात चटकन सुटतो, आणि बहुधा त्यालाच आपण धार समजतो.

तिसरा समज थंड पाण्याच्या कट्टर समर्थकांचा. थंडाने केस ताठ उभा राहतो, म्हणून तो साफ कापला जातो, असे ते म्हणतात. पण ताठ केस कापायला बळ जास्त लागते. थंड पाण्याने दाढी चांगली होते तेव्हा केस ताठ असतो म्हणून नव्हे, तर तो नीट भिजलेला असतो म्हणून.

मगभर पाण्याचा धडा

या विषयातला सर्वात बोलका अनुभव जिलेट कंपनीचा आहे. २००२ च्या सुमारास भारतासाठी आणलेला एक रेझर कंपनीने अमेरिकेतच तपासून घेतला, एमआयटीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांकडून. सगळ्यांनी तो वाखाणला. भारतात मात्र लोक तक्रार करू लागले, कारण तो केस आणि साबणाने तुंबत होता. एमआयटीतल्या विद्यार्थ्यांच्या बेसिनला वाहते पाणी होते. इथे असंख्य घरांत माणूस मगभर किंवा वाटीभर साठवलेले, बहुतेकदा थंड पाणी घेऊन दाढीला बसतो. ही गोष्ट चाचणीत कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

नंतर कंपनीचे पथक भारतात आले. एक हजाराहून अधिक लोकांना घरी जाऊन भेटले आणि सुमारे तीन हजार तास त्यांच्यासोबत घालवले. गुळगुळीत दाढीपेक्षा ‘कापू नये’ हीच इथल्या माणसाची पहिली मागणी असल्याचे त्यांना दिसले. त्यातून ऑक्टोबर २०१० मध्ये ‘जिलेट गार्ड’ आला : १५ रुपयांचा रेझर, पाच रुपयांचे काडतूस, एकच पाते, त्वचा सपाट ठेवणारा दातेरी कंगवा आणि मगात हलवले तरी धुतले जाईल अशी मोकळी रचना.

आपल्यासाठी यातला मुद्दा असा, की मगातल्या पाण्याचा थंडपणा ही निम्मीच अडचण आहे. उरलेली निम्मी ते साचलेले असण्याची. तीन किंवा पाच पात्यांच्या मधल्या फटीत थंड पाण्यातला घट्ट फेस अडकतो, मग हात दाब वाढवतो आणि गळा सोलला जातो. मगावर दाढी करायची असेल, तर एकपाती रेझर किंवा उघडून धुता येणारा जुना दुधारी रेझर सोयीचा.

साबण, बोअरवेल आणि ब्लेड

थंड पाण्यात साबणाची वडी कमी विरघळते, त्यामुळे फेस विरळ येतो आणि लगेच बसतो. पाणी बोअरवेलचे असेल तर आणखी पंचाईत. शाळेच्या पुस्तकातले ‘दुष्फेन पाणी’ ते हेच. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून फेसाऐवजी चिकट साका तयार करतात. अशा वेळी वडीपेक्षा ट्यूबमधले क्रीम बरे. ब्रश आधी भिजवून ठेवावा, पाणी थेंबाथेंबाने वाढवावे आणि फेस लावून तीन-चार मिनिटे थांबावे. तो सुकू लागला तर ओला ब्रश पुन्हा फिरवावा. प्रस्तुत प्रतिनिधीने वसतिगृहात चार वर्षे थंड पाण्याने दाढी केली. त्यातली साडेतीन वर्षे हे थांबणे माहीत नसल्याने गळा कायम लाल होता.

ब्लेड जुने असेल तर मात्र पाणी कसेही असो, उपयोग नाही. पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असलेला केस ब्लेड कसे बोथट करतो, याचा शोध २०२० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला (पुन्हा एमआयटीच). केस तिरका वाकला आणि धारेच्या कमकुवत जागी टेकला, की धारेचा सूक्ष्म टवका उडतो, असे संशोधकांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीचा सल्ला पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड बदलण्याचा आहे.

गीझर लावायचाच असेल तर?

१५ लिटरच्या गीझरला पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे अर्धा युनिट वीज लागते. दाढीला लागते अर्धा लिटर, म्हणजे तापवलेल्या पाण्याचा तिसावा भाग. आंघोळही त्याच पाण्याने करणार असाल तर दाढी आंघोळीनंतर करा, केस आयतेच भिजलेले असतात. नाहीतर चहाच्या आधणाबरोबर पेलाभर पाणी तापवून मगात ओतले तरी पुरते.

ज्यांचे केस कुरळे आहेत आणि दाढीनंतर केस आत वळून फोड येतात, त्यांनी मात्र थंड पाण्याचे प्रयोग टाळून कोमट पाणी वापरावे, केसांच्या दिशेनेच ब्लेड फिरवावे आणि उलटी दाढी करू नये. फोडांत पू झाला किंवा काळे डाग राहू लागले, तर काही दिवस दाढी थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.