टायटॅनियमचे नाव आणि मालाचा गुण

बाजारात काही वर्षांनी एखाद्या धातूचे नाव चालते. एके काळी स्टेनलेस स्टीलचे चालले, आता टायटॅनियमचे चालते. ड्रिलचा बिट, चष्म्याची फ्रेम, घड्याळाची केस, मोबाईलची कड, सगळीकडे हा शब्द दिसतो. लातूरच्या गंजगोलाईत असो की नांदेडच्या इतवाऱ्यात, गिऱ्हाईक विचारते, "टायटॅनियमचा आहे का?" दुकानदाराने नुसते "हो" म्हटले तर त्या वेळी माल खपतो. पण टायटॅनियम म्हणजे काय, तो या वस्तूत किती आहे आणि त्याने नेमका फायदा काय, हे त्याला सांगता आले पाहिजे. नाहीतर तेच गिऱ्हाईक महिन्याभराने तक्रार घेऊन येते, आणि मग बिल कंपनीचे असले तरी पत दुकानाची जाते.

हा हिशेब सर्वांत स्वच्छ समजतो तो गोल्फच्या काठीवरून. आपल्या नांदेड-लातूरकडे या खेळाचा फारसा वावर नाही. जवळ म्हणावे तर हैदराबादला गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात गोल्फचे मैदान आहे, दुसरे पुण्याला येरवड्याकडे. पण टायटॅनियम सामान्य गिऱ्हाइकाच्या हातात मोठ्या प्रमाणावर आला तो या खेळातून. लाखो लोकांनी स्वतःचे पैसे घालून तो वापरून पाहिला. त्यांचा अनुभव आपल्या धंद्याला फुकट मिळण्यासारखा आहे.

लाकडाकडून टायटॅनियमकडे

गोल्फमध्ये चेंडू सर्वांत लांब मारण्याच्या काठीला 'ड्रायव्हर' म्हणतात. पूर्वी तिचे डोके लाकडाचे असे. अमेरिकेत पर्सिमन नावाचे टेंभुर्णीच्या जातीतले कठीण लाकूड त्यासाठी वापरत. कारागीर ते तासून, घासून, पॉलिश करून एकेक डोके घडवीत. १९७९ साली अमेरिकेत टेलरमेड कंपनीने स्टेनलेस स्टीलचे पोकळ डोके बाजारात आणले. १९९१ साली कॅलवे कंपनीची 'बिग बर्था' आली, तीही स्टीलचीच, पण डोके पूर्वीपेक्षा मोठे. १९९५ साली त्याच कंपनीने टायटॅनियमची 'ग्रेट बिग बर्था' काढली. किंमत सुमारे ५०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सोळा हजार रुपयांच्या आसपास. त्यानंतर काही वर्षांतच लाकडी डोके दुकानांतून जवळजवळ नाहीसे झाले.

टायटॅनियमने असे काय केले? येथे दोन आकडे लक्षात ठेवावेत. एक घन सेंटिमीटर स्टीलचे वजन सुमारे ७.८ ग्रॅम, टायटॅनियमचे ४.५ ग्रॅम. ड्रायव्हरचे डोके साधारण २०० ग्रॅमचे असावे लागते, त्याहून जड झाले तर काठी वेगाने फिरत नाही. २०० ग्रॅममध्ये स्टील मिळते २५ घन सेंटिमीटर, टायटॅनियम मिळते ४४. तेवढ्याच वजनात धातू पावणेदोन पट मिळाला की पोकळ डोके बरेच मोठे करता येते. मोठ्या डोक्यात वजन कडेला पसरते, त्यामुळे चेंडू मधोमध न लागता जरा बाजूला लागला तरी डोके हातात कमी फिरते आणि चेंडू कमी भरकटतो.

दुसरा गुण लवचिकपणाचा. मजबूत मिश्रधातू असूनही टायटॅनियम स्टीलच्या मानाने जवळजवळ दुप्पट लवतो आणि परत जागेवर येतो. म्हणून डोक्याचे तोंड तीन मिलिमीटरच्या आसपास पातळ ठेवता येते. चेंडू आदळला की ते किंचित आत दबते आणि उसळी देते. ही उसळी इतकी वाढू लागली की नियम करावे लागले. २००४ सालापासून डोक्याच्या आकाराला ४६० घन सेंटिमीटरची मर्यादा आहे आणि तोंडाच्या उसळीलाही मर्यादा घातलेली आहे. म्हणजे आज नियमात बसणारा स्वस्त ड्रायव्हर आणि महाग ड्रायव्हर यांच्या उसळीत जाहिरातीत भासवतात तेवढे अंतर असूच शकत नाही.

वापरणाऱ्यांना काय आढळले

येथून खरी शिकवण सुरू होते. ज्यांनी नुसते धातूचे नाव पाहून काठी घेतली, त्यांच्यातल्या पुष्कळांची निराशा झाली. कारण धातू एकच असला तरी काठीत आणखी तीन गोष्टी असतात.

पहिली, तोंडाचा कल. ड्रायव्हरचे तोंड साधारण ९ ते १२ अंश मागे झुकलेले असते. नामांकित खेळाडू कमी कलाची काठी वापरतात म्हणून हौशी माणूसही तीच मागतो. पण त्याच्या हाताला तेवढा वेग नसतो. चेंडू उंच उठत नाही आणि लवकर खाली येतो. अशा माणसाला जास्त कलाची काठी दिली तर चेंडू उलट लांब जातो.

दुसरी, दांड्याचा ताठपणा. वेगवान हाताला ताठ दांडा मानवतो, संथ हाताला लवचिक. उलटसुलट झाले तर डोके कितीही भारी असले तरी चेंडू सरळ जात नाही.

तिसरी, लांबी. दांडा लांब असला की वेग वाढतो, पण चेंडू मधोमध लागणे अवघड होते. अगदी मधोमध फटका बसला तरी चेंडूचा वेग काठीच्या वेगाच्या जेमतेम दीडपट होतो. बाजूला बसला की त्यातलाही बराच भाग वाया जातो. म्हणून पुष्कळांना थोडी आखूड काठीच जास्त लांब मारून देते.

वयस्क आणि मध्यम खेळणाऱ्यांना मात्र टायटॅनियमचा खरा फायदा झाला, कारण चुकलेला फटका सावरण्याचे काम मोठे डोके करते. त्याच्या आवाजाची मात्र तक्रार असते. पातळ तोंडाची पोकळ काठी मोठ्याने वाजते. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका ५५ वर्षांच्या खेळाडूची हकिगत आली होती. पातळ तोंडाचा टायटॅनियम ड्रायव्हर दीर्घकाळ वापरल्याने त्याची श्रवणशक्ती कमी झाली असावी, असे डॉक्टरांचे मत होते.

नकली मालाचा प्रश्न उभा राहिला तोही येथेच. नाव, रंग, शिक्का हुबेहूब, पण आत भलताच धातू. खेळाडूला ते पैसे गेल्यावरच कळते.

या सगळ्यातून तिथले दुकानदार शहाणे झाले. चांगला दुकानदार आता आधी गिऱ्हाइकाला चार चेंडू मारायला लावतो, त्याच्या हाताचा वेग मोजतो, मग कल, दांडा आणि लांबी ठरवतो. धातू हा शेवटचा प्रश्न. आपल्याकडच्या एका गोष्टीचीही आठवण येथे ठेवावी. दिल्लीचे अली शेर हे इतरांच्या काठ्या वाहणारे कॅडी म्हणून वाढले आणि १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. टायटॅनियमचा बोलबाला त्यानंतरचा आहे. हात आधी, हत्यार नंतर.

आपल्या दुकानात आणि कारखान्यात

आता हाच हिशेब आपल्या मालाला लावू.

हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी रंगाचे ड्रिल बिट 'टायटॅनियम' म्हणून विकले जातात. ते टायटॅनियमचे नसतात. आत हाय-स्पीड स्टील असते आणि वर टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा असतो, जाडी काही मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षाही कितीतरी पातळ. मुलामा खरा असेल तर तो अतिशय कठीण असतो, घर्षण कमी करतो आणि बिट जास्त दिवस चालतो. पण बिटला ग्राइंडरवर पुन्हा धार लावली की टोकावरचा मुलामा निघून जातो. त्यानंतर आतले स्टील जेवढे चांगले तेवढाच बिट चांगला. आत साधे स्टील आणि वर नुसता सोनेरी रंग असलेला मालही बाजारात येतो. लोखंडी पट्टीवर दोन-चार भोके पाडून पाहिली तर तो लगेच ओळखू येतो. गिऱ्हाइकाला विचारावे, भोक कशात पाडायचे आहे? लाकडात पाडायचे असेल तर मुलाम्याचे जादा पैसे घेण्यात अर्थ नाही. भिंतीत पाडायचे असेल तर हा बिट कामाचाच नाही, तिथे कार्बाइडच्या टोकाचा बिट लागतो. स्टेनलेसमध्ये पाडायचे असेल तर मात्र फायदा आहे, तोही मशीनचा वेग कमी ठेवून आणि तेल सोडून.

चष्म्याच्या धंद्यात तीन वेगळे माल एकाच नावाने चालतात: शुद्ध टायटॅनियम, टायटॅनियमचा मिश्रधातू, आणि वाकवली तरी सरळ होणारी फ्रेम. या तिसऱ्या प्रकारात जवळजवळ निम्मा निकेल असतो. ज्यांच्या कातडीला निकेल सोसत नाही अशा गिऱ्हाइकाला ही फ्रेम देताना विचार करावा. दुरुस्ती करणाऱ्याने आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. टायटॅनियम तापला की हवेतला ऑक्सिजन शोषतो आणि ठिसूळ होतो. त्याला साध्या ज्योतीवर डाग देता येत नाही, आर्गन वेल्डिंगच लागते. अशी फ्रेम दुरुस्तीला घेण्याआधी हे गिऱ्हाइकाला सांगून टाकावे.

लेथवर काम करणाऱ्यांसाठीही सूचना आहे. टायटॅनियम उष्णता लवकर वाहून नेत नाही, ती हत्याराच्या टोकाशीच साचते आणि टोक जळते. वेग कमी, हत्यार धारदार आणि थंड पाण्याची किंवा तेलाची धार भरपूर हवी. बारीक कीस पेट घेतो. २०१४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी दाखवून दिले की टायटॅनियमची गोल्फची काठी दगडावर घासली तर उडणाऱ्या ठिणग्या इतक्या तापलेल्या असतात की वाळलेले गवत पेटते. हेच ग्राइंडरवर होते. कीस साठू देऊ नये, आणि पेटलाच तर पाणी मुळीच टाकू नये, कोरडी वाळू टाकावी.

भंगारवाल्यांसाठी ओळख

भंगाराच्या धंद्यात ही ओळख थेट पैशाची आहे. टायटॅनियमचा तुकडा स्टेनलेस समजून विकला तर नुकसान, आणि दुसरेच काही टायटॅनियम समजून घेतले तर त्याहून मोठे नुकसान.

लोहचुंबकाने फक्त लोखंड बाजूला पडते. टायटॅनियमला तो चिकटत नाही, पण स्टेनलेसच्या पुष्कळ जातींनाही चिकटत नाही. ग्राइंडरला तुकडा लावला तर टायटॅनियमच्या ठिणग्या लख्ख पांढऱ्या उडतात, हा दुसरा पुरावा. तिसरा आणि भरवशाचा पुरावा तराजूचा. तुकडा आधी कोरडा तोलावा. मग दोऱ्याने तराजूला टांगून पूर्ण पाण्यात बुडवून तोलावा. किती वजन कमी भरले ते पाहावे आणि कोरड्या वजनाला त्याने भागावे. उत्तर साडेचारच्या आसपास आले तर टायटॅनियम, आठच्या जवळ आले तर स्टेनलेस, पावणेतीनच्या आसपास आले तर ॲल्युमिनियम. उदाहरणार्थ, ४५० ग्रॅमचा तुकडा पाण्यात ३५० भरला तर घट १०० ग्रॅम, उत्तर साडेचार. तेवढ्याच वजनाचे स्टेनलेस पाण्यात सुमारे ३९३ भरते. तुकडा भरीव हवा, पोकळ वस्तूला हा हिशेब लागू पडत नाही.

धातू परका नाही

टायटॅनियम परदेशी चीज आहे असा समज करून घेऊ नये. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूत त्याचे खनिज, म्हणजे इल्मेनाइट, आहे. केरळात चवरा येथे २०११ साली या धातूचा कच्चा माल, ज्याला टायटॅनियम स्पंज म्हणतात, तो बनवण्याचा कारखाना सुरू झाला. हैदराबादची मिश्र धातू निगम ही १९७३ साली स्थापन झालेली सरकारी कंपनी टायटॅनियमचे मिश्रधातू तयार करते. आणि आपले रंगारी बांधव तर रोजच त्याला हात लावतात, कारण पांढऱ्या रंगाचा पांढरेपणा टायटॅनियम डायऑक्साइडचा असतो. जगातले बहुतेक टायटॅनियम खनिज धातूसाठी नव्हे, या पांढऱ्या भुकटीसाठी खर्च होते.

तेव्हा दुकानदार बांधवांनी बिलावर नुसते 'टायटॅनियम' लिहू नये. 'हाय-स्पीड स्टील, टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा' असे पूर्ण लिहावे. फ्रेम असेल तर शुद्ध की मिश्रधातू, ते लिहावे. घाऊक व्यापाऱ्याकडूनही तसेच लिहून घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने खोट्या वर्णनाची तक्रार जिल्हा आयोगाकडे नेता येते, आणि तिथे "कंपनीने सांगितले म्हणून मी सांगितले" एवढ्याने भागेलच असे नाही. कारागिरांनी नव्या नावाचे हत्यार घेताना एकच नग घ्यावा, आपल्या रोजच्या कामावर आठवडाभर चालवून पाहावा आणि मगच डझनाची ऑर्डर द्यावी. त्या आठवड्यात किती भोके पडली, किती वेळा धार लावावी लागली, हे वहीत टिपून ठेवावे. पुढच्या खरेदीला तेवढी नोंद जाहिरातीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.