कोलामी ही मोडकी मराठी नव्हे

पोडावरची, म्हणजे आपल्या वस्तीवरची, कोलाम माणसं राळेगावच्या बाजारात दुकानदाराशी मराठीत बोलतात आणि आपसात कोलामीत. कानावर मधूनच एखादा मराठी शब्द पडला, की ऐकणारा ठरवून टाकतो: ही आपलीच भाषा, जरा बिघडलेली. हा समज साफ चुकीचा आहे. मराठी आर्यभाषा, कोलामी द्राविडी. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाने १९०६ सालीच तिची नोंद द्राविडी भाषांत केली होती.

ती गोंडीची बोलीही नाही. दोघी द्राविडीच, पण शाखा वेगळ्या. कोलामीची जवळची नाती नाईकी आणि बस्तरकडच्या पर्जीशी.

'मग तेलुगूतून निघाली असेल,' असं पुष्कळजण म्हणतात. तेलंगणाची सीमा जवळ, त्यामुळे हे पटतंही. पण कानासाठीचा शब्द पाहा. तेलुगूत आणि तमिळमध्ये 'चेवि', कन्नडमध्ये 'किवि', पार बलुचिस्तानातल्या ब्राहुईत 'खफ', आणि कोलामीत 'केव'. या सर्वांच्या मुळाशी भाषाशास्त्रज्ञ *केवि असं आदिद्राविडी रूप धरतात. तेलुगू-तमिळने त्यातल्या 'क'चा 'च' केला. कोलामीने 'क' जपला. जो 'क' तेलुगूने गमावला, तो कोलामीला तेलुगूकडून मिळणार कसा? ती तेलुगूची लेक नव्हे, बहीण आहे. आणि या एका शब्दापुरतं बोलायचं तर तमिळपेक्षाही ती मुळाच्या जवळ आहे. वर्धा नदीच्या परिसरातल्या कोलामीचा अभ्यास करून भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५५ साली तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

शब्दाआधीचा तारा पाहून कुणाला वाटेल, हे कल्पनेतलं आहे. तारा एवढंच सांगतो, की हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही. ते मांडायला ध्वनिबदलाचा नियम लागतो. ब्राहुईत डोळ्याला 'खन', कोलामीत 'कन'. 'केव' आणि 'खफ' या जोडीतही तोच क-ख पुन्हा येतो. नुसत्या साम्यावर कोणी नातं जोडत नाही. रशियन 'उखो' आणि पोलिश 'उखो' यांवरून कानासाठीचा आदिस्लाव शब्द याच रीतीने उभा केला आहे.

उसने शब्द कोलामीत आहेतच. पाच ते दहा हे आकडे तिने तेलुगूकडून घेतले. पण तीनला 'मूंदिंग' आणि चारला 'नालिंग' हे तिचे स्वतःचे, वारशाने आलेले.